पिवळं गवत मेलेलं नसतं

मी जन्मानं पाबळचा, पोटासाठी पुण्याचा. छत्तीस वर्षं शहरातल्या सार्वजनिक बागांमध्ये माळीकाम केलं. पाइप ओढण्यापासून सुरुवात झाली, निवृत्त होताना हाताखाली वीस-बावीस माणसं होती. २०१६ साली गावी परतलो. पुढच्याच वर्षी गावातल्या मोकळ्या जागेवर मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी छोटी बाग करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

पाबळ म्हटलं की बाहेरच्यांना मस्तानीची समाधी आठवते. गावच्या माणसाला आधी पाणी आठवतं. शिरूर तालुक्याच्या पश्चिमेचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो. अशा गावात हिरवळ वाढवायची म्हणजे काय, हे मला पुण्यातल्या छत्तीस वर्षांनी शिकवलं नाही. ते पाबळच्या दोन उन्हाळ्यांनी शिकवलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतो आहे. ज्यांच्याकडे गावची, सोसायटीची, देवळापुढची किंवा शाळेची बाग आहे त्यांच्या कामी यावं.

१. आधी गुंठ्यामागचं पाणी मोजा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी लागतं. गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याला रोज पाचशे लिटर.

आमची बाग बारा गुंठ्यांची. पुण्याची सवय अंगात होती, म्हणून मी त्यातल्या आठ गुंठ्यांवर लॉन केलं. रोजचं चार हजार लिटर. सरकारी नळयोजनांमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. या मापानं बहात्तर माणसांचं रोजचं पाणी मी गवताला घालत होतो. हा गुणाकार मी बाग करण्याआधी केला नव्हता. नोकरीत आम्हाला पाण्याचा आकडा कधी कोणी विचारला नाही. विचारायचे ते एवढंच, हिरवळ कुठे पिवळी तर पडली नाही ना.

२. कुंपणाबाहेर कोण उभं आहे ते बघा.

२०१८ साली पाऊस गेला. ऑक्टोबर अखेरीस सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर होता. पुढचा उन्हाळा वाईट जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. तरी मी फेब्रुवारीपर्यंत लॉनला पाणी देत राहिलो. बोअर चालू होता, आणि दीड वर्ष जपलेलं गवत डोळ्यांदेखत वाळू द्यायला मन धजत नव्हतं.

एका सकाळी पाइप धरून उभा होतो. कुंपणाच्या पलीकडे आमच्याच आळीतली एक म्हातारी रिकामा हंडा कडेवर घेऊन थांबलेली. ती काही वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, "बाबा, गवताचं झालं की मला हंडाभर देशील का?"

मी म्हटलं, "आक्का, गवताचं राहू द्या, आधी तुमचा भरा." हंडा भरला, डोक्यावर चढवून दिला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गवताचा नंबर आपल्या आधी आहे हे तिनं धरूनच टाकलं होतं. ते मला सहन झालं नाही. त्याच दिवशी बोअरच्या मोटारीची चावी गावाच्या हाती दिली आणि बागेचा पाइप गुंडाळून ठेवला. मार्चमध्ये बोअरचं पाणी निम्म्यावर आलं आणि आमच्या वस्तीला टँकर सुरू झाला. मी घातलेलं पाणी वाचवलं असतं तर टँकर किती दिवस पुढे गेला असता, याचा हिशेब मी आजही मनात करतो.

तेव्हापासून आमचा नियम एकच. पिण्याच्या पाण्याचा थेंब हिरवळीला नाही. झाडाच्या रोपाला पहिली दोन वर्षं द्यावा लागतो, तो देतो. गवताला नाही.

३. पिवळं पडलेलं गवत मेलेलं नसतं.

पाणी बंद केल्यावर आठ गुंठ्यांचं लॉन तीन आठवड्यांत वाळलं. त्यातलं जे नर्सरीतून चटईसारखं विकत आणून अंथरलं होतं, मऊ आणि बारीक पात्याचं, ते खरोखर मेलं. हातानं ओढलं तर मुळासकट निघून यायचं. पण त्याच लॉनमध्ये जिथे-तिथे हरळी घुसली होती. दीड वर्ष मी माणसं लावून ती खुरपून काढत होतो. ती वरून वाळली, तिचा रंग कोंड्यासारखा झाला, पण जमिनीखाली तिच्या मुळ्या तशाच शाबूत राहिल्या. जूनचा पाऊस झाल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी तिला फुटवा आला.

शेतकरी आयुष्यभर जिला शिव्या घालतो ती हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा. वनस्पती एकच. नांगरानं मरत नाही, उन्हानं मरत नाही, ढोरांनी खाल्ली तरी पुन्हा येते. गुण एकच आहे. शेतात तो आपल्याला नको असतो, बागेत हवा असतो.

आता आमची सगळी हिरवळ हरळीची आहे. विकत काही आणलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरच्या हरळीच्या कांड्या खणून आणल्या, चार-चार बोटांचे तुकडे करून ओळीनं लावले, महिन्याभरानं नांगे भरले. पोळ्यापर्यंत जमीन झाकली. उन्हाळ्यात ती पिवळी पडते आणि आम्ही तिला पिवळी पडू देतो. उन्हाळ्यात गवत झोपतं, हा त्याचा धर्म आहे. पाणी घालून त्याला जागं ठेवायचा खटाटोप आपण करतो, कारण हिरव्या रंगाची सवय डोळ्यांना झाली आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या हाइड पार्कसारख्या प्रसिद्ध बागाही वाळून पिवळ्या पडल्या होत्या. पाऊस आल्यावर त्या पुन्हा हिरव्या झाल्या.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. मुळासकट मेलेल्या गवताची जागा उघडी ठेवली तर तिथे गाजर गवत येतं. १९५० च्या दशकात या तणाची देशातली पहिली ठळक नोंद पुण्यातच झाली होती, आणि आज ते सगळीकडे आहे. त्याच्या संगतीनं लोकांच्या मागे खाज आणि दमा लागतो. म्हणून जमीन झाकलेली हवी, मग वरचा रंग कोणताही असो.

४. जिथे कोणी बसत नाही तिथे लॉन नको.

पुण्यात असताना एका बागेत आम्ही मोठ्या मेहनतीनं हिरवळ राखायचो आणि तिच्या चारही बाजूंना पाट्या होत्या, 'गवतावर चालू नये'. त्या गवतावर पाय पडायचे ते आमचे, पाणी द्यायला आणि कापायला. पोरं बाहेरच्या फरशीवर खेळून गुडघे फोडून घ्यायची. मी तेव्हा शिट्टी वाजवून त्यांना हाकलत असे. आज त्याचं वाईट वाटतं.

अमेरिकेत नेवाडा राज्यानं २०२१ साली कायदा केला. लास वेगास हे वाळवंटातलं शहर, त्याचं पाणी कोलोरॅडो नदीचं. तिथल्या कायद्यानं गवताचे दोन भाग केले: ज्यावर माणसं वावरतात ते आणि नुसतं शोभेचं. रस्त्याच्या दुभाजकावरच्या, कार्यालयांसमोरच्या शोभेच्या गवताला २०२६ अखेरनंतर नदीचं पाणी मिळणार नाही. हे वाचलं आणि मी वहीत बागेचा नकाशा काढला. पंधरा दिवस रोज संध्याकाळी बसून कोण कुठे बसतं, पोरं कुठे लोळतात, बायका गप्पांना कुठे टेकतात, यावर खुणा करत गेलो. आठ गुंठ्यांपैकी सहा गुंठ्यांवर एकही खूण पडली नाही.

त्या सहा गुंठ्यांत आता कडुनिंब, करंज, बहावा, आपटा आणि चिंच आहेत. त्यांच्याखाली पालापाचोळा तसाच राहू देतो. चालायच्या वाटा मुरुमाच्या. एका कोपऱ्यात पवन्या आणि मारवेल लावलं आहे. ही आपल्या माळरानाची गवतं, गुडघ्यापर्यंत वाढतात, दिवाळीनंतर सोनेरी होतात. वर्षातून एकदा कापली की चारा होतो, आणि पावसाखेरीज त्यांना पाणी लागत नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, बागेत रान माजवलंय. त्या गवतात लावे आणि मुनिया यायला लागल्यावर तेच लोक पोरांना घेऊन बघायला आले.

हिरवळ उरली दोन गुंठे. इथेही तशी पाटी होती, ती काढून टाकली. पोरं त्या दोन गुंठ्यांवर मनसोक्त खेळतात.

५. रोज शिंपडू नका. वाफसा बघा.

लॉन राखणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. रोज थोडं पाणी दिलं की मुळं वरच्या दोन बोटांतच राहतात. मग एक दिवस चुकला तरी गवत माना टाकतं आणि आपल्याला वाटतं, याला रोज पाणी लागतंच. ती सवय आपणच लावलेली असते. पाणी एकदाच भरपूर द्यावं, वीतभर खोल जाईल असं, आणि मग जमीन वाफशावर येऊन त्याच्याही पुढे जाईपर्यंत हात लावू नये.

वाफसा शेतकऱ्याला सांगावा लागत नाही, माळ्याला लागतो. मातीची मूठ वळावी. चिखल झाला तर पाणी जास्त. मूठ वळली आणि बोटानं टोचल्यावर फुटली तर वाफसा. वळलीच नाही तर तहान. दुसरी खूण पावलाची: गवतावरून चालत जा, मागे वळून बघा. पावलांखालची पाती उठून उभी राहिली तर पाणी नको. दबून राहिली तर संध्याकाळी द्या. भर दुपारी तुषार सिंचन चालवू नये. बरंच पाणी वारा आणि ऊन खातं.

तुषार सिंचन किती पाणी टाकतं हे बघायला लॉनवर चार-पाच सरळ काठांचे डबे ठेवा, अर्धा तास चालवा आणि पट्टीनं मोजा. एका डब्यात दहा मिलिमीटर आणि शेजारच्यात दोन निघालं तर तोटी फिरवायची गरज आहे. पाण्याचा प्रश्न तिथे नाही.

६. उन्हाळ्यात गवत उंच ठेवा.

पावसाळ्यात दीड इंचावर कापा, मार्चपासून तीन इंचांच्या खाली जाऊ नका. उंच पाती स्वतःच्या मुळांवर सावली धरतात. कापलेलं गवत पातळ पसरून तिथेच राहू द्या. जास्त झालं तर कोणाच्याही शेळ्या ते आनंदानं खातात.

७. गवताला दुसऱ्यांदा वापरलेलं पाणी.

मी निवृत्त झालो त्याच वर्षीची, २०१६ ची गोष्ट. एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीनं दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी नेलं. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयासमोर आयपीएलच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा खटला चालू होता आणि न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. त्या काळात बागेच्या कट्ट्यावर रोज वाद व्हायचा. काहींचं म्हणणं, सामने हलवून लातूरच्या घागरीत पाणी कसं येणार? तेही खरंच होतं. पण त्या खटल्यातली एक बाब कट्ट्यावर फारशी निघाली नाही. मुंबईच्या मैदानासाठी महालक्ष्मी रेसकोर्सकडचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यायची तयारी न्यायालयासमोर दाखवली गेली होती. म्हणजे गवताला पिण्याचं पाणी लागतच नव्हतं. गवताला चालेल असं पाणी शहरात आधीपासून होतं.

तसं पाणी गावातही असतं, फक्त शोधावं लागतं. आमच्याकडे दोन जागी सापडलं. शाळेत खिचडी खाण्याआधी आणि नंतर शेकडो पोरं हात धुतात, ताटं विसळतात. ते पाणी गटारात जायचं. आता ते खडी, वाळू आणि कोळशाच्या तीन खड्ड्यांतून गाळून बागेच्या टाकीत येतं. दुसरं, आरओच्या पाण्याच्या प्लांटमधून वाया जाणारं पाणी. ते खारट असतं. हरळी थोडा खारटपणा सोसते, रोपं सोसत नाहीत. म्हणून ते फक्त हिरवळीला, तेही शाळेच्या पाण्यात मिसळून, आणि दर पावसाळ्यात जमीन धुऊन निघेल असा निचरा ठेवून. जमिनीवर पांढरी खपली दिसली की आम्ही ते पाणी थांबवतो.

दोन गुंठ्यांना उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा सुमारे तीन हजार लिटर देतो. मुळं जिवंत राहण्यापुरतं, हिरवं दिसण्यासाठी नाही. दिवसाला दोनशे लिटर पडतात. पूर्वी चार हजार होते.

८. हिरवळ खोलगटात करा आणि बोअरचा मोह धरू नका.

पुण्याच्या सारसबागेत मी कामानिमित्त अनेकदा गेलो. तिथल्या गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधलं होतं, त्यातल्या बेटावर १७८४ साली, सवाई माधवरावांच्या काळात, मंदिर झालं. तळं पुढे बुजलं, बाग झाली. ज्या खोलगटात पाणी थांबायचं तिथे आज हिरवळ आहे. पाबळला मी नेमकं उलटं केलं होतं. दिसायला छान म्हणून उंचवट्यावर लॉन आणि पाणी वाहून जाणाऱ्या उतारावर वाट. आता ते फिरवलं आहे. उतारावर दोन आडव्या चरी काढल्या, सभामंडपाच्या पत्र्यांचं पाणी पन्हळीनं खाली आणलं. शंभर चौरस मीटर पत्र्यावर आमच्या पावसातही वर्षाला चाळीस हजार लिटर मिळतात. हिरवळ आता सगळ्यात खालच्या भागात आहे, तिथे पावसाची ओल इतर जागेपेक्षा महिनाभर जास्त टिकते.

बोअरबद्दल कळकळीनं सांगतो. आपला खडक बेसाल्टचा, काळा कातळ. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत असतं, खाली समुद्र नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते आमच्या कोरड्या गावात राहायला आले. त्यांच्याकडे शिकणारी खेड्यातली पोरं जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजल कुठे लागेल ते सांगायला शिकली. त्या पोरांकडून मी एक गोष्ट उचलली: यंत्र पाणी कुठे आहे ते सांगतं, पाणी तयार करत नाही. बागेसाठी घेतलेला बोअर शेजारच्या आडातलंच पाणी ओढतो.

९. पाण्याचा ताळेबंद फळ्यावर लिहा.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि जनावरं, मग शेती, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. आम्ही तेच छोट्या बागेला लावलं. फाटकाजवळ काळा फळा आहे. आजवर पडलेला पाऊस, टाकीत आलेलं शाळेचं पाणी, हिरवळीला दिलेलं पाणी, झाडांना दिलेलं पाणी. शाळेतली पोरं आळीपाळीनं आकडे लिहितात. पर्जन्यमापकही त्यांनीच बसवलं.

या फळ्याचा मला सगळ्यात मोठा फायदा झाला तो एप्रिलमध्ये. पूर्वी उन्हाळ्यात लोक येऊन म्हणायचे, "तात्या, बाग वाळली, लक्ष आहे का तुमचं?" आता ते फळा वाचतात. टाकीत किती आहे ते दिसतं, गवताला का दिलं नाही ते दिसतं. गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी जत्रेसाठी टँकर मागवून लॉन हिरवं करू या म्हणालं. बैठकीत बायकांनीच नको सांगितलं.

१०. सावली आधी, हिरवळ मग.

बाग पुन्हा करायची वेळ आली तर पहिली तीन वर्षं मी गवताचं नावही काढणार नाही. आधी झाडं लावीन. मे महिन्यात दुपारी बाराला बागेत आलेल्या म्हाताऱ्याला पायाखाली काय आहे याची फिकीर नसते, डोक्यावर काय आहे याची असते. शिवाय झाडांनी वारा अडवला आणि ऊन कमी केलं की तेवढंच गवत कमी पाण्यात जगतं.

तुमच्या गावच्या किंवा सोसायटीच्या बागेत आज संध्याकाळी एक चक्कर मारा. लॉन किती गुंठे आहे ते पावलांनी मोजा, पाचशेनं गुणा, आणि तो आकडा पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मांडा. आणि मे महिन्यात पाबळला आलात तर बागेत जरूर या. हिरवळ पिवळी असेल. चपला काढून करंजाखाली बसा, माठातलं पाणी प्या. मृगाचा पाऊस झाल्यावर दहा दिवसांनी पुन्हा या.